शंभर टीबी आणि आमचे वीस जीबी : महाविद्यालयीन जीमेल खात्यातील जागेच्या व्यवस्थेचे परीक्षण

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, प्रवेशाची गडबड आणि नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) वार्षिक अहवालाची जुळवाजुळव एकाच वेळी चालू असताना, आमच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या ईमेल खात्यात जागा संपत आल्याची सूचना झळकू लागली. वीस जीबीपैकी १९.२ जीबी वापरले गेले होते. या कक्षाची समन्वयक या नात्याने ते खाते माझ्याच ताब्यात असते. म्हणून रसायनशास्त्राची अध्यापक असूनही पुढचे तीन आठवडे, रोज तासाभराप्रमाणे, मी ईमेलची झाडलोट केली. गुगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन या, जीमेल आणि फायली साठवण्याचा ड्राइव्ह अशा सोयी शैक्षणिक संस्थांना एकत्र देणाऱ्या सेवेतील जागेच्या व्यवस्थेचे हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. ही सेवा राज्यातील पुष्कळ शाळा-महाविद्यालयांत वापरली जाते आणि तिची मूळ आवृत्ती पात्र शैक्षणिक संस्थांना विनामूल्य मिळते. पण फुकट मिळालेल्या वस्तूचे परीक्षण करू नये असा काही दंडक नाही.

आपल्या खात्यांत इतका पसारा का साचतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले तेव्हा हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत असे, आणि जीमेलने एकदम १ जीबी देऊ केली. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. त्या दिवसापासून या सेवेचा स्वभाव ‘काही टाकू नका, हवे तेव्हा शोधा’ असा राहिला आहे. नष्ट करण्याच्या बटणाशेजारीच ‘अर्काइव्ह’चे बटण असणे, हा त्या स्वभावाचाच भाग. शैक्षणिक संस्थांना तर पुढे अमर्याद जागा मिळत गेली, आणि अमर्याद या शब्दाने जी सवय लावायची ती लावली. फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ही सोय संपणार असल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेला सगळ्यांची मिळून १०० टीबी (एक टीबी म्हणजे सुमारे हजार जीबी) सामाईक जागा, असा नियम लागू झाला.

१०० टीबी म्हणजे किती, हे सांगताना कंपनीने दिलेले माप असे होते : दहा कोटी दस्तऐवज, किंवा ऐंशी लाख सादरीकरणे, किंवा चार लाख तासांची चित्रफीत. यातल्या शेवटच्या मापाला मी भागाकार करून पाहिला. एका तासाला २५० एमबी येतात. आमच्या खात्यातील टाळेबंदीच्या काळातल्या तासांची रेकॉर्डिंगे साधारण ३०० एमबीची आहेत, म्हणजे हे माप फुगवून सांगितलेले नाही. एखाद्या स्वतंत्र महाविद्यालयाला ही जागा आयुष्यभर पुरावी. परंतु आमच्या शिक्षण संस्थेची सगळी महाविद्यालये आणि शाळा एकाच डोमेनवर (ईमेल पत्त्यात ‘@’ नंतर येणाऱ्या एकाच नावाखाली) आहेत आणि खाती सुमारे अकरा हजार आहेत, त्यामुळे सरासरी काढली तर एका खात्याच्या वाट्याला जेमतेम नऊ जीबी येतात. म्हणूनच आमच्या ॲडमिननी सातशे शिक्षक आणि कार्यालयीन खात्यांना वीस जीबी आणि विद्यार्थ्यांना पाच जीबी अशी मर्यादा घातली. सगळ्यांनी आपापली मर्यादा गाठली तरी बेरीज ६५ टीबीच्या आसपास येते आणि उरलेली जागा सामाईक ड्राइव्हला, म्हणजे कोणा एकाच्या नव्हे तर संस्थेच्या नावावरच्या फायलींना, राहते. (आमचे ॲडमिन म्हणजे संगणकशास्त्र विभागातले एक सहकारी. या कामासाठी त्यांच्या वेळापत्रकातला एकही तास कमी केलेला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवते.)

सेवेच्या बाजूने पहिली चांगली गोष्ट हीच : विभागानुसार किंवा गटानुसार वेगवेगळी मर्यादा घालण्याची सोय ॲडमिनला आहे आणि ती वापरायला अवघड नाही. परंतु त्याच व्यवस्थेतला एक मोठा दोष खातेदाराच्या बाजूला आहे. जागा सामाईक असली तरी खातेदाराला दिसतो तो फक्त स्वतःचा आकडा. माझ्या एका मेलमुळे संस्थेच्या साठ्यातून किती गेले, हे मला कोठेही कळत नाही. गावाच्या विहिरीवर प्रत्येकाला आपापली घागरच तेवढी दिसावी आणि पाणी किती खाली गेले ते पाटलालाच ठाऊक असावे, असा हा प्रकार आहे.

आता खात्याच्या आतल्या हिशेबाकडे येते. ड्राइव्हच्या डाव्या पट्टीत खालच्या बाजूला असलेल्या ‘स्टोरेज’ या शब्दावर क्लिक केले, की किती जागा मेलने, किती ड्राइव्हने आणि किती फोटोंनी व्यापली हे दिसते. आमच्या खात्यात मेल ११.४ जीबी, ड्राइव्ह ७.३ जीबी आणि फोटो अर्धा जीबी अशी विभागणी होती. ही पाटी स्वच्छ आहे, पण ती वाचणाऱ्याच्या मनातले दोन गैरसमज ती दूर करत नाही. पहिला गैरसमज आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी अगदी नेमक्या शब्दांत मांडला : “मॅडम, दोन दिवस बसून चार हजार मेल अर्काइव्ह केले, तरी आकडा जागचा हलत नाही.” हलणारच नाही. अर्काइव्ह केलेला मेल इनबॉक्समधून बाजूला होतो, खात्यातून जात नाही. समोरच्या खोलीतील सामान माळ्यावर टाकले म्हणून घर रिकामे होत नसते. दुसरा गैरसमज ‘माझ्याशी शेअर केलेले’ या विभागाविषयी आहे. इतरांनी आपल्याशी शेअर केलेल्या फायलींचा भार मालकाच्या खात्यावर पडतो, आपल्या नव्हे, त्यामुळे तेथून शंभर फायली काढल्या तरी आपली एक केबीही मोकळी होत नाही. या दोन्ही गोष्टी त्या पाटीखाली एकेका वाक्यात लिहिणे सहज शक्य होते.

या सेवेचा खरा कस शोधात लागतो, आणि तेथे ती मनापासून कौतुकास पात्र ठरते. जीमेलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘लार्जर’ हा शब्द लिहून, लगेच अपूर्णविराम देऊन, मध्ये मोकळी जागा न सोडता ‘१०एम’ असे (अर्थात रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत) टंकले, की दहा एमबीहून मोठे सगळे मेल समोर येतात. त्याच्या जोडीला ‘ओल्डर_दॅन’, पुन्हा अपूर्णविराम आणि ‘२वाय’ असे लिहिले, की त्यांपैकी दोन वर्षांपेक्षा जुने तेवढे उरतात. पाठवणाऱ्याचे नाव, फाइलीचा प्रकार, तारीख, लेबल असे काहीही या शोधाला जोडता येते. ज्यांना ही सांकेतिक भाषा नको वाटते त्यांनी शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करावे. तेथे आकार, कालावधी आणि अटॅचमेंट आहे की नाही हे भरण्याचा तक्ता उघडतो. आमच्या अकरा वर्षांच्या खात्यात दहा एमबीवरचे मेल निघाले ४१२. एकूण मेलच्या तुलनेत ही संख्या नगण्य होती, पण त्यांनी जवळजवळ सहा जीबी अडवून ठेवले होते. लिपिकांनी अर्काइव्ह केलेले ते चार हजार मेल नुसत्या मजकुराचे होते. ते सगळे नष्ट केले असते तरी एवढी जागा झाली नसती. झाडलोटीला आकाराच्या बाजूने सुरुवात करावी, तारखेच्या बाजूने नव्हे, हे या आकड्यांवरून माझे मत झाले.

मात्र येथेच एक खाच आहे आणि त्या खाचेत मी स्वतः पडले. यादीच्या वरच्या चौकोनात खूण केली, की आधी समोरच्या पानावरचे पन्नास मेल निवडले जातात आणि वर एक ओळ उमटते, जिच्यावर क्लिक केल्यास शोधाशी जुळणारे सर्व संवाद निवडले जातात. त्या ओळीतला ‘संवाद’ हा शब्द मी घाईत वाचला नाही. जीमेल एका विषयाचे मेल एकत्र बांधून ठेवते आणि त्यातला एक मेल दहा एमबीचा असला तरी शोधात अख्खी मोळी येते. मी ती मोळीच टाकली. एका इमारत दुरुस्तीच्या प्रस्तावाच्या चौदा मेलांपैकी एकालाच बारा एमबीचे छायाचित्र जोडलेले होते. उरलेल्या तेरांत प्राचार्यांची लेखी मंजुरीही होती. चार दिवसांनी लेखाविभागाने ती मंजुरी मागितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ट्रॅशमध्ये मेल तीस दिवस राहतात म्हणून ती परत मिळाली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिच्यावरचा उपायही सोपा आहे : झाडलोट सुरू करण्यापूर्वी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करावा, म्हणजे प्रत्येक मेल सुटा दिसतो आणि सुटाच टाकता येतो. काम संपले की तो पुन्हा चालू करावा.

याहून मोठी उणीव अटॅचमेंटची आहे आणि ती कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. मेल ठेवून त्याची अटॅचमेंट तेवढी काढून टाकावी, ही साधी सोय ब्राउझरमधील जीमेलमध्ये नाही. ठेवायचे तर दोन्ही आणि टाकायचे तरी दोन्ही. अनुदानित महाविद्यालयाच्या दृष्टीने ही गैरसोय किरकोळ नव्हे, कारण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली उद्या एखादा अर्ज आला, तर कोणते पत्र कोणत्या दिवशी आले आणि कोणी कोणाला काय कळवले, हे दाखवावे लागते. त्यासाठी मेलचे चार ओळींचे शरीर पुरते. त्यासोबत आलेल्या स्वागत-समारंभाच्या चाळीस छायाचित्रांची गरज नसते. नॅकच्या कामात तर प्रत्येक कार्यक्रमाचे स्थाननोंद असलेले फोटो लागतात आणि विभागप्रमुख ते फोनमधून जसेच्या तसे मेलला जोडून पाठवतात. ते फोटो अहवालात लावून झाले, संकेतस्थळावर चढवून झाले, तरी मेलमधली त्यांची प्रत कायम राहते.

यावर ‘ॲड टू ड्राइव्ह’चे बटण दाबणे हा उपाय आहे, असे आमच्याकडे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या बटणाने अटॅचमेंटची दुसरी प्रत ड्राइव्हमध्ये तयार होते आणि ड्राइव्ह व मेल यांची जागा एकच असल्यामुळे, मूळ मेल टाकेपर्यंत तीच फाइल दोनदा मोजली जाते. जागा वाचवायला गेलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांनी या बटणाच्या भरवशावर एका दुपारी आपला आकडा दीड जीबीने वाढवून घेतला.

ज्यांना मेल ठेवून अटॅचमेंट काढायचीच आहे त्यांच्यासाठी थंडरबर्ड हा विनामूल्य मेल-प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो संगणकावर बसवून आयमॅपमार्गे (बाहेरच्या प्रोग्रॅममधून खात्यातले मेल हाताळू देणाऱ्या पद्धतीने) खाते जोडले, की एखाद्या मेलची अटॅचमेंट संगणकावर वेगळी काढून घेता येते आणि मेलचा मजकूर खात्यात राहतो. मी हा प्रयोग मंजुऱ्या आणि ठराव असलेल्या चाळीस मेलांवर केला. थंडरबर्ड अटॅचमेंट नसलेली नवी प्रत तयार करून मूळ मेल काढतो. पण जीमेलच्या आयमॅप सेटिंगनुसार तो मूळ मेल ट्रॅशमध्ये जाण्याऐवजी ‘ऑल मेल’मध्ये रेंगाळू शकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन मेलांनंतर ब्राउझरमध्ये जाऊन खात्री करून घ्यावी. ॲडमिनने आयमॅप बंद ठेवलेले असेल तर हा मार्गही बंद. एवढी खटपट चारशे मेलांसाठी कोणी करणार नाही, हे मला मान्य आहे. मीही चाळीसवर थांबले.

अटॅचमेंट मुळात इतकी जागा का खाते, याचे गणित एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. ईमेलची रचना मजकुरासाठी झालेली असल्याने फाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर करावे लागते, आणि त्या रूपांतरात तीन बाइटांच्या जागी चार अक्षरे येतात. म्हणजे १२ एमबीचे परिपत्रक मेलमधून जाताना १६ एमबीचे होते. ते प्राचार्य कार्यालयाने साठ शिक्षकांना पाठवले, की साठ प्रती त्यांच्या खात्यांत आणि एक कार्यालयाच्या ‘सेंट’मध्ये, अशा एकसष्ट प्रतींचे मिळून ९७६ एमबी होतात. एका परिपत्रकाला जवळजवळ एक जीबी! तेच ड्राइव्हमध्ये ठेवून लिंक पाठवली, तर संस्थेच्या साठ्यातून १२ एमबीच जातात. उत्तर देताना अटॅचमेंट सोबत जात नाही हे बरे, पण ‘फॉरवर्ड’ करताना ती पुन्हा जाते, आणि आमच्याकडे परिपत्रके फॉरवर्ड करणे हीच दैनंदिन प्रशासनाची मुख्य रीत आहे. पंचवीस एमबीच्या वर फाइल गेली तर जीमेल स्वतःहून ती ड्राइव्हमध्ये टाकून लिंक पाठवते. ही सोय उत्तम आहे. परंतु खरे नुकसान पाच ते पंचवीस एमबीच्या टप्प्यात होते आणि तेथे सेवा अवाक्षर काढत नाही. ‘हा मेल साठ जणांना जात आहे, लिंक पाठवायची का?’ एवढा प्रश्न तिने विचारला असता, तर आमच्या झाडलोटीचे निम्मे काम वाचले असते.

या बारा एमबींचाही एक उगम आहे, आणि त्याचा दोष मी गुगलला देणार नाही. कार्यालयातील झेरॉक्स यंत्रावर स्कॅनची मांडणी रंगीत आणि इंचाला सहाशे ठिपके अशी करून ठेवलेली होती. यंत्र बसवणाऱ्याने ती तशी सोडली आणि कोणी बदलली नाही. चार पानांचे, काळ्या शाईत टंकलेले, निळ्या शिक्क्याचे पत्र त्यावर अकरा-बारा एमबीचे होत असे. मांडणी कृष्णधवल आणि तीनशे ठिपक्यांवर आणल्यावर तेच पत्र अर्ध्या एमबीच्या आत आले आणि पूर्वीइतकेच स्वच्छ वाचता येते. शिक्का निळा दिसला पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी रंगीत स्कॅन राखून ठेवला आहे.

ड्राइव्हचे काम मेलच्या मानाने फारच सुखाचे झाले. ‘स्टोरेज’च्या पानावर खालीच आपल्या मालकीच्या सगळ्या फायली आकाराच्या उतरत्या क्रमाने येतात. ही यादी इतकी उपयुक्त आहे, की जीमेलला तशी यादी का नाही याचे आश्चर्य वाटत राहते. मेल आकाराप्रमाणे लावण्याची सोयच तेथे नाही, फक्त अमुक आकाराच्या वरचे शोधता येतात. आमच्या यादीत पहिल्या अठरा जागा मीट या गुगलच्या व्हिडिओ-बैठकीच्या सोयीतल्या रेकॉर्डिंगांनी अडवल्या होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गुगलने सशुल्क आवृत्तीतील रेकॉर्डिंगची सोय सर्व शैक्षणिक संस्थांना तात्पुरती मोफत दिली आणि ती ३० सप्टेंबर २०२० पर्यंत चालली. त्या सहा महिन्यांत आम्ही कार्यशाळा, पालकसभा, इतकेच नव्हे तर ‘आवाज येतोय का’ या चाचण्यादेखील रेकॉर्ड केल्या. अठरांपैकी एका परिसंवादाचे रेकॉर्डिंग संस्थेच्या सामाईक ड्राइव्हमध्ये हलवले, बाकीची टाकली आणि एका क्षणात पाच जीबीहून अधिक जागा या खात्यात मोकळी झाली. एक बारीक गोष्ट सहज लक्षात येत नाही : पीडीएफसारख्या फाइलीवर नवी आवृत्ती चढवली, की जुन्या आवृत्त्या तीस दिवस किंवा शंभर आवृत्त्या होईपर्यंत राखल्या जातात आणि त्याही जागा व्यापतात. माहितीपुस्तिकेच्या छपाईच्या दिवसांत, रोज दोन-दोन दुरुस्त्या चढत असताना, हे जाणवते.

तुलनेसाठी मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकचा उल्लेख करणे भाग आहे, कारण एका मैत्रिणीच्या संस्थेत ते वापरले जाते आणि तिच्या शेजारी बसून मी ते पाहिले. संगणकावर बसवायच्या जुन्या आउटलुकमध्ये मेल आकाराप्रमाणे लावता येतात आणि तो त्यांचे ‘प्रचंड’, ‘खूप मोठे’ असे गटही पाडतो. पाच एमबीच्या वरचे सगळे पहिल्या गटात. अटॅचमेंट तेवढी काढून मेल ठेवणेही तेथे एका उजव्या क्लिकवर होते. जुन्या पद्धतीचा, काहीसा बोजड, पण कार्यालयात काम केलेल्या माणसाने बनवलेला प्रोग्रॅम वाटतो. शोधाच्या वेगात आणि अचूकपणात मात्र जीमेलशी त्याची बरोबरी होत नाही, निदान मला तरी तसे आढळले नाही. आणि जागेच्या बाबतीत तिकडचे दिवसही पालटले आहेत : मायक्रोसॉफ्टनेही २०२४ पासून शैक्षणिक संस्थांना १०० टीबी सामाईक जागेचाच नियम लावला, त्यावर सशुल्क खात्यांमागे ५० किंवा १०० जीबी वाढीव. गुगलकडे वाढीव जागा हवी असेल तर एज्युकेशन प्लस या आवृत्तीत प्रत्येक परवान्यामागे २० जीबी आणि अध्यापनासाठीच्या पूरक परवान्यामागे १०० जीबी साठ्यात जमा होतात. जागेपायी सेवा बदलण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा.

टाकलेले परत मिळणे आणि टाकल्याचा परिणाम दिसणे, या दोन गोष्टींत सेवेचे वागणे वेगवेगळे आहे. परत मिळण्याच्या बाबतीत ती उदार आहे. ट्रॅशमधले तीस दिवस संपल्यावर किंवा आपण ट्रॅश रिकामा केल्यावरही पुढचे पंचवीस दिवस ॲडमिनला ते परत आणता येते, त्यामुळे चूक झाल्यास रडत न बसता त्याच दिवशी ॲडमिनकडे जावे. परिणाम दिसण्याच्या बाबतीत मात्र संयम लागतो. ट्रॅशमध्ये असेपर्यंत मेल जागेच्या हिशेबात धरला जातो. ट्रॅश रिकामा केल्यावरही आकडा लगेच उतरत नाही, आमच्या खात्यात तो दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. आदल्या संध्याकाळी मी तो पाच वेळा पाहिला आणि काही चुकले असे समजून आणखी मेल टाकायला निघाले होते.

निघून गेलेल्या माणसांच्या खात्यांबाबत आमचीच व्यवस्था ढिली निघाली. निवृत्त शिक्षकांची आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची खाती ‘सस्पेंड’ करून ठेवली म्हणजे जागा सुटते अशी समजूत होती. ती चुकीची आहे; स्थगित खात्यातील सामग्री संस्थेच्या साठ्यात मोजली जातच राहते. खाते नष्ट करावे लागते, आणि त्यापूर्वी ड्राइव्हमधील फायलींची मालकी दुसऱ्या खात्याकडे सोपवण्याचा पर्याय ॲडमिनने जाणीवपूर्वक निवडावा लागतो, नाहीतर त्या शिक्षकांनी बनवलेला, सगळा विभाग वापरत असलेला हजेरीचा तक्ता त्यांच्याबरोबरच निवृत्त होतो. नष्ट केलेले खाते वीस दिवसांच्या आत परत आणता येते, त्यानंतर नाही. विद्यार्थ्यांसाठी टेकआउट या, खात्यातली सामग्री बाहेर नेण्याच्या गुगलच्या सोयीमध्ये मेल आणि ड्राइव्हची सामग्री थेट स्वतःच्या खासगी खात्यात पाठवण्याची सोय आहे, अर्थात ॲडमिनने ती चालू ठेवलेली असल्यास. ती खरोखर चांगली चालते. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने तिचा एम. एस्सी.चा सगळा प्रकल्प तसाच नेला. खासगी खात्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबीच मोफत असतात, हे मात्र तिला आधी सांगावे लागले.

गुण द्यायचे तर मी या सेवेला पाचपैकी साडेतीन देईन. शोधाला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही, ड्राइव्हच्या यादीलाही साडेचार. पण अटॅचमेंट वेगळी न करता येणे आणि सामाईक साठ्यावर आपला भार किती हे खातेदाराला न दिसणे, या दोन गोष्टींसाठी गुण कापावेच लागतात. एका माणसाच्या आयुष्यभराच्या पत्रव्यवहारासाठी ही व्यवस्था उत्कृष्ट आहे. साठ जणांच्या कार्यालयासाठी ती बेतलेली वाटत नाही.

तीन आठवड्यांनंतर आमचे खाते ७.६ जीबीवर आले आहे. स्कॅनची मांडणी बदलली, परिपत्रकांसाठी सामाईक ड्राइव्हमध्ये वर्षवार फोल्डर केले आणि मेलमध्ये लिंकच पाठवायची असा ठराव कक्षाच्या बैठकीत मांडून मंजूर करून घेतला. त्या बैठकीचे इतिवृत्त पहिल्याच दिवशी एकाने अटॅचमेंट जोडून सर्वांना फॉरवर्ड केले, तो भाग निराळा. कालच एका कार्यशाळेचे निमंत्रण आले : एका पानाचे, ११ एमबीचे, आणि जिल्ह्यातील सगळ्या महाविद्यालयांना पाठवलेले. मी ते वाचून टाकून दिले, पण ट्रॅश मुद्दाम रिकामा केला नाही, त्यामुळे पुढचे तीस दिवस ते आमच्या वीस जीबींत मोजले जाईल. कार्यशाळा येत्या शनिवारी आहे आणि मला तिला जायचे आहे.